केएच पुन्हा पुन्हा घसरतोय? डोस वाढवण्याआधी हे तपासा

रीफ टँकमधली, म्हणजे कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली, ही एकच तक्रार मी स्वतःच्या टाकीत तीनदा आणि ओळखीच्यांच्या टाक्यांत कितीतरी वेळा निस्तरली आहे. केएच, म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, 8 वर आणून ठेवावी आणि चार दिवसांनी ती 7 च्या खाली. डोस, म्हणजे केएच वाढवायला रोज घालायचं द्रावण, वाढवला की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा घसरण. पुन्हा डोस वाढवायचा. असं करत करत डोस दुप्पट होतो आणि आकडा मात्र होता तिथेच.

यातल्या बहुतेक टाक्यांत डोस कमी पडत नव्हता. कुठे मोजमाप चुकत होतं, तर कुठे घातलेलं सगळं कोरलऐवजी भलत्याच जागी जाऊन बसत होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं एकच: कारण सापडेपर्यंत डोसची बाटली जशी आहे तशी राहू द्या.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- तोच डोस चालू असताना केएच आठवड्याला 1 डीकेएच (केएच मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त घसरतो, आणि कोरल काही त्या मानाने वाढलेले दिसत नाहीत.
- डोस वाढवला की एक-दोन दिवसच आकडा वर राहतो.
- हीटरवर, टाकीत पाणी परत ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या पंख्यावर किंवा डोसिंगच्या नळीच्या टोकाला पांढरा खरखरीत थर जमतो.
- वाळू जागोजागी घट्ट होते, गाठी धरते.
- डोस पडतो त्या जागी क्षणभर पांढरा धूर उठल्यासारखं दिसतं.
- ॲक्रोपोरासारख्या दगडी कोरलची टोकं पांढरी पडतात किंवा बुडापासून मांस सुटत जातं. एलपीएस, म्हणजे मोठ्या मांसल तोंडांचे दगडी कोरल, पूर्ण फुलत नाहीत.

शेवटचं लक्षण सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं, पण ते उशिरा येतं. तोवर आकडे बरेच दिवस हेलकावे खात असतात. कोरलला 7.5 चालतो, 8.5 ही चालतो. आज 7 आणि परवा 9 मात्र सोसत नाही.

केएच जातो कुठे

टाकीतली अल्कलिनिटी मुख्यतः तीन वाटांनी कमी होते. पहिली वाट कोरल, कोरलाइन शैवाल आणि शंख-शिंपले यांची. त्यांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो पाण्यातूनच बांधला जातो. दुसऱ्या वाटेत तोच कॅल्शियम कार्बोनेट कुठल्याही जिवाच्या मदतीशिवाय हीटरवर, पंपात आणि वाळूत जमतो. तिसरी वाट आम्लाची. मासे पाण्यात सोडतात त्या अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं.

पहिल्या दोन वाटांचं प्रमाण ठरलेलं आहे. केएच 2.8 डीकेएचने उतरला तर कॅल्शियम साधारण 20 पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅम) उतरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग वेळखाऊ.

टेस्ट किट खरं बोलतंय का

याला खर्च जवळपास शून्य आणि वेळ पंधरा मिनिटं. मी सुरुवात कायम इथूनच करतो, कारण आकडाच खोटा असेल तर पुढची सगळी धावपळ वाया जाते.

घरचा खाण्याचा सोडा घ्या. बेकिंग पावडर नव्हे, निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. नवीन पाकीट फोडा, सोडा भाजू नका. 5 ग्रॅम सोडा नीट तोलून आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात) विरघळवा आणि एकूण 5 लिटर करा. या पाण्याचा केएच 33.3 येतो. त्यातलं 250 मिली घेऊन आरओ-डीआय पाणी घालून 1 लिटर करा. आता हातात 8.3 डीकेएचचं पाणी आहे. किटने हे पाणी तपासा.

8 ते 8.6 च्या दरम्यान आकडा आला तर किट ठीक. 7.2 आला तर तुमच्या टाकीचा केएच घसरलेलाच नव्हता, आणि तुम्ही उगाच डोस वाढवत होता. 1 ग्रॅम 1 लिटरमध्ये घेऊनही हे जमतं, पण साध्या वजनकाट्यावर 1 ग्रॅम तोलताना होणारी चूक 5 ग्रॅमच्या मानाने फार मोठी ठरते.

किट चुकतं ते बहुधा तीन कारणांनी: अभिकर्मकाची, म्हणजे किटमधल्या रसायनाची, मुदत उलटलेली असते, बाटलीचं झाकण सैल राहिलेलं असतं, किंवा सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा असतो. सिरिंजच्या टोकाशी राहणारी हवेची पोकळी किटच्या पद्धतीत धरलेली असते, त्यामुळे सूचनापत्रात सिरिंजची कुठली रेघ वाचायला सांगितली आहे ते पुन्हा एकदा वाचा. वर्षानुवर्षं चुकीची रेघ वाचणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक. तपासणी रोज एकाच वेळी करा. दिवे चालू असताना कोरल जास्त वेगाने सांगाडा बांधतात, म्हणून सकाळचा आणि रात्रीचा आकडा सारखा नसतो. काल सकाळी 8 आणि आज रात्री 7.5 यावरून काहीच कळत नाही.

खारटपणा

खारटपणा कमी झाला की केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं एकदम आणि एकाच प्रमाणात खाली येतं. 35 पीपीटीवर (हजार भागांत 35 भाग क्षार) केएच 8, कॅल्शियम 420 आणि मॅग्नेशियम 1300 असेल, तर तेच पाणी 32 पीपीटीला आल्यावर आकडे 7.3, 384 आणि 1190 च्या आसपास दिसतात. तिन्ही आकडे बरोबरीने पडलेले दिसले की डोसकडे न बघता आधी रिफ्रॅक्टोमीटरकडे, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राकडे, बघा.

रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्यावर बसवून भागत नाही. शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र 35 ला दीड-दोन पीपीटी चुकू शकतं. 35 पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण त्याच्यासाठीच असतं, ते वापरा.

मीठ जातं कुठे? स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) पातळ, चहाच्या रंगाचं पाणी भरभरून काढत असेल तर ते खारं पाणी बाहेर जातं आणि त्याची जागा ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी घालणारं यंत्र) गोड्या पाण्याने भरतं. दोन महिन्यांत खारटपणा गुपचूप उतरतो. ऑटो टॉप-ऑफचा फ्लोट अडकून जास्त पाणी येणं हेही नेहमीचंच. याउलट दोन भागांचा डोस (कॅल्शियमचं आणि अल्कलिनिटीचं वेगवेगळं द्रावण) देणाऱ्या टाकीत साधं मीठ थोडं थोडं साठत जातं आणि खारटपणा चढतो. म्हणून तो आठवड्याला एकदा तरी मोजावा.

डोसिंगची नळी आणि पंप

डोसिंग पंपावर दिसतो तो आकडा प्रत्यक्षात तितका पडतो, असं गृहीत धरू नका. नळी बाहेर काढा, मोजपात्रात 50 मिलीचा डोस सोडा आणि बघा. पंपातली लवचीक नळी काही महिन्यांत दबून सैल होते आणि 50 चं 38 होतं. पंप तितक्याच इमानाने फिरत असतो, त्यामुळे संशयही येत नाही.

नळीचं टोक पाण्याच्या वर असावं. पाण्यात बुडालेल्या किंवा शिंतोडे उडणाऱ्या टोकाला पांढरा खडा धरतो आणि भोक सुईएवढं उरतं. एका ओळखीच्यांकडे महिनाभर केएच चढेना, शेवटी नळीचं टोक कात्रीने पेराएवढं कापलं आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा जागेवर. कापलेल्या तुकड्यात आत चुन्याची काडी होती, बाहेरून नळी अगदी स्वच्छ.

डोसच्या डब्याकडेही बघा. तळाशी सोडा न विरघळता बसला असेल तर वरचं द्रावण पातळ आहे.

इथेच एक साधा हिशोब करून टाका. 100 लिटर पाण्याचा केएच 1 ने वाढवायला साधारण 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. 240 लिटर पाणी आणि दिवसाला 0.5 डीकेएचची गरज म्हणजे 3.6 ग्रॅम. टाकीवर 300 लिटर लिहिलेलं असतं, पण दगड आणि वाळू वजा केली, संपमधलं, म्हणजे खालच्या जोडटाकीतलं, पाणी धरलं, की खरा आकडा वेगळाच निघतो. तो एकदा नीट काढून कागदावर लिहून ठेवा.

पांढरा थर: इथे थांबून बघा

वरच्या तिन्ही तपासण्या पार पडल्या आणि घसरण खरी निघाली, की मग मी आकडे बाजूला ठेवतो आणि हात ओले करतो. कॅल्शियम आणि केएच यांच्या घसरणीचं प्रमाण कोरलने वापरलं तरी तेच आणि पंपात जमलं तरी तेच. त्यामुळे या दोन वाटांतला फरक कुठलंही किट सांगत नाही. तो डोळ्यांनी आणि बोटांनीच कळतो.

हीटर बंद करा, प्लग काढा, पंधरा-वीस मिनिटं निवू द्या, मगच बाहेर काढा. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून तो सगळ्यांत आधी हीटरवर आणि पंपाच्या गरम भागांवर बसतो. नखाने थोडा थर खरवडा आणि व्हिनेगरमध्ये टाका. फसफसला तर तो कार्बोनेट, म्हणजे तुमच्या डोसचा पैसा. वाळूवर ही चाचणी करू नका, कारण रीफ टाकीत वापरतात ती अरागोनाइटची वाळू मुळातच कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ती फसफसणारच.

वाळूची परीक्षा बोटांची. माझ्या 240 लिटरच्या टाकीत सोड्याच्या द्रावणाचा डोस दिवसाला 45 मिलीवरून 110 मिलीपर्यंत गेला होता आणि केएच 7 च्या वर टिकत नव्हता. एका संध्याकाळी मागच्या कोपऱ्यातला गोगलगायीचा रिकामा शंख उचलायला हात घातला, तर शंखासोबत तळहाताएवढी वाळूची चकती वर आली. वरून वाळूच, कण न् कण दिसत होता, पण दोन्ही हातांनी दाब दिल्यावर ती बिस्किटासारखी काटकन मोडली. मोडलेल्या कडेला कणांच्या मधल्या सगळ्या फटी पांढऱ्या चुन्याने लिंपलेल्या होत्या. बॅक्टेरियाने धरलेली गाठ बोटांत चुरते, ही चुरत नव्हती. दोन महिन्यांचा वाढीव डोस त्या कोपऱ्यात बसला होता. डोसिंगची नळी बरोबर त्याच्या वर होती, आणि तिथे प्रवाह जवळपास नव्हताच.

असा साका एकदा धरला की तो स्वतःच पुढे वाढतो. ताज्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर नवा कार्बोनेट सहज चिकटतो. पाण्यात जितका केएच जास्त, तितका तो जमण्याचा वेग जास्त. म्हणूनच अशा टाकीत डोस वाढवला तर तुम्ही कोरलला नाही, थराला जेवू घालता.

हीटर आणि पंप स्वच्छ करायला व्हिनेगर आणि पाणी समसमान, किंवा लिटरभर पाण्यात 50-60 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. काही तास बुडवून ठेवा, पंप असेल तर बादलीत चालवा, मग भरपूर पाण्याने धुवा. हे ब्लीचजवळ नेऊ नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

साका का धरतो

तीन कारणं मला वारंवार दिसली.

पहिलं मॅग्नेशियम. समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त भरलेलं असतं. तरीही समुद्रात चुना आपोआप जमत नाही, त्यामागे मॅग्नेशियमचा मोठा हात आहे. वाढणाऱ्या स्फटिकाच्या पृष्ठभागात ते घुसतं आणि पुढची वाढ अडवतं. समुद्राच्या पाण्यात ते 1280-1300 पीपीएमच्या आसपास असतं. टाकीत 1250 ते 1400 ठेवा. 1100 वर आलं असेल तर केएच आणि कॅल्शियम दोन्ही एकाच वेळी टिकवणं फार अवघड जातं. वाढवताना दिवसाला 100 पीपीएमपेक्षा जास्त उडी नको.

दुसरं डोस देण्याची जागा आणि वेळ. कॅल्शियमचा आणि अल्कलिनिटीचा डोस एकाच ठिकाणी, एकापाठोपाठ पडला तर दोघं टाकीत मिसळण्याआधीच एकमेकांना धरतात. दोन्हींत किमान अर्धा तास ठेवा, जागा वेगळ्या ठेवा आणि दोन्ही जागी जोरदार प्रवाह असू द्या. दिवसाचा डोस एकदम न देता दहा-बारा वेळा थोडा थोडा द्या.

तिसरं पीएच. दिवसा पीएच 8.4-8.5 च्या वर जात असेल तर बायकार्बोनेटचा जास्त हिस्सा कार्बोनेट होतो आणि साका लवकर धरतो. अशा टाकीत धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा वापरा. चुन्याचं पाणी देत असाल तर त्याचा पीएच 12 च्या वर असतो, ते रात्री आणि थेंब-थेंबच जायला हवं.

पीएचबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढला की टाकीचा पीएच उतरतो, पण केएच उतरत नाही. पीएच 7.9 दिसला म्हणून सोडा घालू नका. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढून बघा.

पाणी बदलताना घातलेलं मीठ

मिठाची पिशवी बराच काळ उभी राहिली की त्यातले जड-हलके घटक वेगळे बसतात, आणि ओल धरली तर गाठी होतात. अर्ध्या पिशवीचं पाणी 9 दाखवतं, उरलेल्या अर्धीचं 6.5. नवं पाणी टाकीत घालण्याआधी त्याचा केएच तपासा. पिशवी उघडण्याआधी आडवी करून चांगली लोळवा. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर तळाशी घट्ट खारं पाणी राहतं आणि बादलीतच साका बसतो. बादलीच्या तळाशी पांढरी पूड राहिली असेल तर तेवढा केएच टाकीत पोचलेलाच नाही.

केएच पडतो पण कॅल्शियम पडत नाही

दोन-तीन आठवड्यांचे आकडे मांडा. केएच खाली आणि कॅल्शियम जागेवर किंवा वर, असं दिसलं तर चुना जमत नाहीये. बहुधा अल्कलिनिटीचा पंप कमी सोडतोय, आणि ते तुम्ही वर तपासलं आहेच. पंप ठीक असेल तर नायट्रेट बघा. 50 पीपीएम नायट्रेट साठताना सुमारे 2.3 डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते. आठवड्याला 5 पीपीएम वाढत असेल तर 0.2 च्या आसपास, म्हणजे फार नाही. नायट्रेट झपाट्याने चढत असेल तर मात्र खाऊ जास्त पडतोय किंवा एखादा मासा दगडामागे मरून पडला आहे.

उलट नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असेल तर केएच 9-10 वर नेऊ नका. अशा उपाशी पाण्यात वाढलेल्या केएचने ॲक्रोपोराची टोकं जळतात. 7 ते 8 पुरतो. समुद्राचं पाणी स्वतः 7 च्या आसपासच असतं.

शेवटचा आणि सगळ्यांत अवघड उपाय: खाली येऊ देणं

साका नक्की झाला, मॅग्नेशियम सुधारलं, जागा बदलल्या, तरी घसरण चालू असेल तर डोस वाढवू नका, कमी करा. मी केएच मुद्दाम 7 पर्यंत येऊ दिला, घट्ट झालेली वाळू थोडी थोडी करत चार आठवड्यांत बाहेर काढली आणि रोज एकाच वेळी मोजत राहिलो. हे मनाला फार जड जातं, कारण सवय आकडा वर खेचण्याची असते. स्फटिकांवर हळूहळू मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि जैविक थर बसतो आणि त्यांची भूक मंदावते. तिसऱ्या आठवड्यात घसरण दिवसाला 0.5 वर स्थिरावली. मग डोस थोडा थोडा वाढवत 7.8 वर आणला. आता त्या टाकीला 50 मिली पुरतात.

वर आणताना दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. जुन्या वाळूचा पूर्ण थर एकदम उपसू नका, खाली अडकलेली घाण पाण्यात येते. या काळात आयसीपी चाचणी (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करत असाल तर मूलद्रव्यांसाठी करा. केएच त्यातून मिळत नाही, तो घरीच मोजावा लागतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हीटरची काच तडकली असेल, पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा विजेची गळती ओळखणारा स्विच वारंवार पडत असेल तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर पाण्यात हात घालू नका.

कॅल्शियम रिॲक्टर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने कोरलचा चुरा विरघळवणारं यंत्र, असेल तर त्याच्या बुडबुड्यांचा वेग किंवा आतला चुरा तुम्ही स्वतः बघू शकता. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर मात्र उघडू नका. तो गळत असेल तर सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा आणि गॅस पुरवठादाराकडे द्या.

टाकीच्या जोडाखाली साका दिसला आणि तो पुसल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तर ती गळती आहे. सिलिकॉन स्वतः खरवडू नका, टाकी बांधणाऱ्याला दाखवा.

चुन्याची किंवा सोड्याची पूड डोळ्यांत गेली तर लगेच किमान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. झोआंथिड आणि पॅलिथोआ (बटणांसारखे मऊ कोरल) असलेले दगड खरवडू नका आणि कधीही उकळू नका. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. अशा कामानंतर ताप, खोकला, तोंडाला कडवट चव किंवा श्वास जड वाटला तर दवाखान्यात जाताना डॉक्टरांना हे नाव सांगा.

आणि कोरलचं मांस तासातासाला सुटत असेल, एकामागून एक वसाहती जात असतील, तर केएचचा शोध तिथेच ठेवा. निरोगी फांद्या कापून दुसऱ्या चालत्या टाकीत हलवा आणि कोरल हाताळणाऱ्या अनुभवी माणसाला किंवा जलचरांच्या पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा.